फ्रेंचचं पहिलं वर्ष: मराठी माध्यमातून येणाऱ्यांसाठी

अबोली_बार्शी (धागाकर्ती)

बारावीचे निकाल लागले, ॲडमिशनची पळापळ सुरू झाली आणि या आठवड्यात गावाकडच्या दोन मुलींचे मला फोन आले, ताई बीएला फ्रेंच घेऊ का, झेपेल का, आमचं तर इंग्लिशच कच्चं आहे. दोघींना फोनवर जे सांगितलं ते अर्धवट झालं म्हणून इथे नीट लिहिते. माझं एफवाय नुकतंच संपलंय, पुण्यात, फ्रेंच मेजर घेऊन. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण काही तक्रारीपण लिहिणार आहे.

मी दहावीपर्यंत मराठी शाळेत, अकरावी-बारावी आर्ट्स तालुक्याला. फ्रेंचचा एक शब्द माहीत नव्हता. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं की अकरावी-बारावीला फ्रेंच कुणाकुणाला होतं, तर निम्म्याहून जास्त हात वर. शहरात मराठी-हिंदीऐवजी फ्रेंच घेतात कारण मार्क पडतात हे मला तिथे गेल्यावर कळलं. मॅडमनी पहिल्या आठवड्यातच गाडी अशी पळवली की आम्ही आठ-दहा जण मागे राहिलो ते राहिलोच. पहिलं दिक्ते, म्हणजे त्या वाचणार आणि आपण ऐकून लिहायचं, त्यात मला वीसपैकी चार. आणि सगळं समजावणं इंग्लिशमधून. पास्ट पार्टिसिपल, डायरेक्ट ऑब्जेक्ट, ऑक्झिलरी. मला फ्रेंच शिकायच्या आधी इंग्लिशचं व्याकरण शिकावं लागत होतं, ते कळलं की मग त्याच्यावरून फ्रेंच. दिवाळीत घरी आले तेव्हा कोर्स सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं.

नाही सोडला, त्याचं कारण सांगते, आणि धागा काढायचं खरं कारणही तेच आहे.

फ्रेंचमध्ये भूतकाळाचा एक नियम आहे ज्याला सगळा वर्ग घाबरतो. 'मी चिठ्ठी लिहिली' हे फ्रेंचमध्ये 'झे एक्री ला लेत्र'. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचं असेल तर 'ला लेत्र क झे एक्रीत'. एक्रीचं एक्रीत झालं. का, तर लेत्र स्त्रीलिंगी आहे आणि ती क्रियापदाच्या आधी आली, म्हणून क्रियापदाला शेवटी एक 'ई' लागला आणि मुका असलेला 'टी' ऐकू यायला लागला. वर्गात हे तीन तास चाललं होतं. बारावीला नव्वदच्या वर मार्क पडलेल्या मुलीपण म्हणत होत्या की कर्माप्रमाणे क्रियापद कसं बदलेल, लिहिणारी तर मीच आहे ना.

मी होस्टेलला रात्री वहीत प्रत्येक वाक्याखाली मराठी लिहीत बसले होते. मी निबंध लिहिला. मी चिठ्ठी लिहिली. मी पत्र लिहिलं. आणि पेन तिथेच थांबलं. लिहिणारी मीच, तिन्ही वेळा, पण क्रियापद माझ्याकडे बघतच नाहीये, ते निबंध-चिठ्ठी-पत्राकडे बघतंय. आपल्याकडे चार वर्षांचं पोरसुद्धा 'मी चपाती खाल्ली, मी भात खाल्ला' बरोबर बोलतं, त्याला कुणी कर्मणी प्रयोग शिकवलेला नसतो. आणि 'ती गेली, तो गेला' मध्ये क्रियापद कर्त्याकडे बघतं, तसंच फ्रेंचमध्येही 'ती गेली' हे 'एल ए आले' आणि लिहिताना शेवटी स्त्रीलिंगाचा जादा ई. भूतकाळात क्रियापदाला एक मदतनीस क्रियापद जोडावं लागतं, एत्र (असणं) नाहीतर आव्हवार (जवळ असणं). जाणं-येणं-पडणं असली क्रियापदं एत्र घेतात आणि कर्त्याप्रमाणे बदलतात, लिहिणं-खाणं वगैरे आव्हवार घेतात आणि कर्म पुढे आलं की कर्माप्रमाणे. म्हणजे ज्या नियमावर अख्खा वर्ग अडला होता तो माझ्या तोंडात जन्मापासून होता आणि इंग्लिशच्या वाटेने गेल्यामुळे तो मला दिसतच नव्हता, कारण इंग्लिशमध्ये हा प्रकारच नाही.

त्या रात्रीनंतर मी वहीचं डावं पान मराठीला दिलं. त्यूचं तू, वूचं तुम्ही. इंग्लिशवाल्या मुलींना प्रोफेसरांशी वू आणि मैत्रिणीशी त्यू हे ठरवावं लागायचं, मला त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं, सासूला कुणी अगं म्हणतं का. लेझामी म्हणजे मित्र, त्यात ले आणि आमी वेगळे आहेत, एरवी मुका असलेला 'एस' पुढे स्वर आला की जागा होतो आणि झ होऊन पुढच्याला चिकटतो, याला लियेझाँ म्हणतात. दहावीच्या संस्कृतमध्ये संधी केलेल्यांना हे नवीन नाही. नाकातले स्वर तर आपण 'हं' म्हणताना रोज काढतो.

सगळंच सोपं आहे असं म्हणत नाहीये. लिंगाने मला फार छळलं. आपल्याला लिंगाची सवय आहे पण आपली लिंगं वेगळी, त्यांच्याकडे नपुंसकलिंग नाहीच. चंद्र तिकडे बाई, पाऊसपण बाई, टेबलपण बाई. मी नवीन शब्द कधीच एकटा लिहीत नाही, आधी अँ (पुल्लिंगी 'एक') किंवा युन (स्त्रीलिंगी 'एक') लिहून मग शब्द, कारण ल आणि ला (इंग्लिशचं 'द', पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी) लावून पाठ केलं तर स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी दोन्हींचं नुसतं 'ल' उरतं आणि लिंग कळतच नाही.

कुणी यातून गेलं असेल तर लिहा. माझं चुकत असेल तर तेही सांगा.

जुनी_वही

अबोली, तुझी ती वही मला बघायला आवडेल. मी २० वर्षांहून जास्त फ्रेंच शिकवते आहे आणि 'चिठ्ठी लिहिली'चं उदाहरण मी स्वतः वर्गात वापरते, पण निम्मा वर्ग मराठी नसेल तर वापरता येत नाही, म्हणून तुझ्या मॅडमवर फार रागावू नकोस.

एक दुरुस्ती मात्र आत्ताच कर, नाहीतर दुसऱ्या वर्षी अडकशील. 'ती झोपली' आपल्याकडे कर्त्याप्रमाणे, पण फ्रेंचमध्ये दॉर्मीर आव्हवार घेतं, 'एला दॉर्मी', तिथे ई लागत नाही. 'ती पायी चालली', 'ती हसली' याचंही तेच. म्हणजे आपली सगळी अकर्मक क्रियापदं एत्रकडे जात नाहीत, जाणं, येणं, निघणं, पोचणं, जन्मणं, मरणं, पडणं, राहणं अशी मोजकीच जातात, आणि सगळी स्वतःला लावून बोलायची, म्हणजे उठणं, आंघोळ करणं वगैरे. ती यादी पाठच करायची. आणि दुसरं, आपल्याकडे कर्म कुठेही असो क्रियापद बदलतं, त्यांच्याकडे कर्म आधी आलं तरच.

हा नियम त्यांनाही जड जातो बरं का. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो नावाच्या कवीने इटालियनचं बघून तो मांडला असं मानतात, आणि २०१८ मध्ये बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी आव्हवारबरोबरचा हा नियम काढूनच टाका अशी मागणी केली होती, त्यावर फ्रान्सच्या पेपरांत बरीच चर्चा झाली.

अबोली_बार्शी

मॅडम, खूप आभार. झोपली-हसलीचं मला खरंच माहीत नव्हतं, मी सत्र परीक्षेत 'एल ए दॉर्मी' लिहून आलेय बहुतेक. आजच डाव्या पानावर लाल पेनाने लिहिते.

घाटमाथा७७

छान धागा. मी फ्रेंच शिकलेलो नाही, मुलगी यंदा बारावी झाली आणि तिला फ्रेंचच घ्यायचंय. बाप म्हणून विचारतो, राग मानू नका, बीए फ्रेंच करून पुढे पोटापाण्याचं काय? आमच्याकडे सगळे म्हणतात की रानडे इन्स्टिट्यूटला किंवा अलियाँस फ्रान्सेझला संध्याकाळचा कोर्स होतो तर तेवढा कर आणि डिग्री कॉमर्सची घे.

जुनी_वही

घाटमाथा, राग कसला, विचारायलाच हवं. रानडेमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथले सर्टिफिकेट-डिप्लोमा चांगलेच आहेत आणि डिग्रीसोबत करणारी ढिगाने मुलं आहेत. फरक असा की तिथे आठवड्याला मोजके तास, डिग्रीला रोज भाषा आणि शिवाय उच्चारशास्त्र, इतिहास, साहित्य. अनुवाद, शिकवणं, कंपन्यांमधली फ्रेंच ग्राहकांची कामं, यातलं कुठलंही दार बी-टू लेव्हलच्या खाली नीट उघडत नाही. पातळ्या सहा असतात, ए-वन ते सी-टू, आणि शून्यातून सुरुवात केलेलं मूल एफवायच्या शेवटी साधारण ए-टूच्या आसपास येतं. म्हणजे एका वर्षाने नोकरी विचारायची नाही, तीन वर्षं पूर्ण द्यायची. मुलीला बाहेर पाठवायची तयारी असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू (इंग्लिश आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) इथेही बीए फ्रेंच आहे, प्रवेश परीक्षा देऊन.

आणि ती कॉलेजात असतानाच देल्फची परीक्षा देऊ द्या. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण, पास व्हायला १०० पैकी ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. हे सर्टिफिकेट फ्रान्सच्या शिक्षण खात्याचं असतं आणि त्याची मुदत संपत नाही.

सांजवारा

माझ्या बॅचला निम्मी मुलं कॅनडासाठी आलेली. २०२३ पासून तिकडे कायम राहायला जायच्या अर्जांत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ निघतात ना. त्यात वाईट काही नाही पण त्यांना टीईएफ नाहीतर टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षांचा स्कोअर हवा असतो, घाई असते, आणि मग वर्गात भाषा बाजूला राहते आणि परीक्षेच्या युक्त्याच चालतात. एफवायला मला सगळ्यात जास्त खंत याची वाटली.

बाकी माझा अनुभव अबोलीच्या उलटा. मी इंग्लिश मिडियम, अकरावी-बारावी फ्रेंच, मार्क भरपूर. उतारा आला की प्रश्नातले शब्द शोधायचे आणि ते वाक्य उतरवायचं, पत्राचे चार नमुने पाठ, तेवढ्यावर पेपर सुटायचा. एफवायच्या पहिल्या तोंडीला बाहेरच्या सरांनी विचारलं की काल संध्याकाळी काय केलंस, आणि मला दोन मिनिटं एक शब्द फुटला नाही. क्रियापदांचे तक्ते डोळ्यासमोर दिसत होते, वाक्य होत नव्हतं. त्यामुळे अबोली, ते वर झालेले हात बघून तू घाबरलीस पण त्यातले कितीतरी तुझ्याइतकेच घाबरलेले होते.

अबोली_बार्शी

सांजवारा, हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर दिवाळीपर्यंतचे चार महिने सोपे गेले असते.

ईस_तीस

मला आकड्यांवर लिहायचंय. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. सत्त्याण्णवला 'कात्र व्हँ दी सेत', चार वीस दहा सात. वर्गात सगळे याला वेडेपणा म्हणायचे. माझी आजी शेंगा मोजायची, पाच-पाचची मूठ करून, आणि वीस झाल्या की एक खडा बाजूला ठेवायची. चार खडे झाले की म्हणायची 'चार ईसा', आणि वर दहा असल्या की 'चार ईसा आन् धा'. नव्वद हा शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकलाच नाही. कात्र व्हँ दीस पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ओसरीवरचे ते चार खडेच दिसले. आजी २०१९ ला गेली.

बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सेप्ताँत आणि नव्वदला नोनाँत असे सरळ शब्द आहेत, पण परीक्षेत फ्रान्सचेच वापरा.

अबोली_बार्शी

ईस_तीस, अंगावर काटा आला वाचून. आमच्याकडेही म्हातारी माणसं कडब्याच्या पेंढ्या अशाच मोजायची.

रेघोटी

सगळं वाचलं, आवडलं, पण एक विरोधी मत मांडते. मी एमए केलंय आणि आता अनुवादाची कामं करते. मराठीचा हात धरून सुरुवात करणं बरोबर, पण तो हात वेळेवर सोडायला हवा. मी दुसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येक वाक्य मनात मराठीत करून मग फ्रेंच करत होते आणि त्यामुळे बोलताना कायम मागे पडायचे. शिवाय जिथे मराठीत काहीच नाही तिथे काय करणार? आर्टिकल आपल्याकडे नाहीत. 'मी पाव खातो' एवढं बोलायलासुद्धा त्यांना 'द्यु पँ' लागतं, म्हणजे पावातला थोडासा भाग, आणि 'मी पाव खात नाही' म्हटलं की त्याचं नुसतं 'द पँ' होतं. याला मराठीत आधार नाही, हे ऐकून ऐकूनच बसतं. ऐकणं वाढवा, रोज अर्धा तास रेडिओ लावा, पहिले दोन महिने काहीही कळणार नाही, तरी लावा.

अजून एक. पुस्तकातलं 'ज न से पा', म्हणजे मला माहीत नाही, हे बोलताना 'शे पा' होतं. 'न' तर बोलण्यात बहुतेक वेळा गळतोच. हे एफवायला कुणी सांगत नाही आणि मग खरा फ्रेंच माणूस समोर आला की वाटतं आपण भलतीच भाषा शिकलो.

अबोली_बार्शी

रेघोटीताई, पटतंय पण पूर्ण नाही. हात सोडायचा हे बरोबरच. पण पहिल्या वर्षी आमच्यासारख्यांना मराठी सोडून थेट फ्रेंच असा पर्याय मिळतच नाही ना, मिळतं ते इंग्लिशमधून फ्रेंच. दोनातून एक निवडायचं तर मी मराठीच निवडेन. आर्टिकलचं मात्र शंभर टक्के मान्य, माझे सगळ्यात जास्त मार्क तिथेच जातात.

समुद्रकाठ

द्यु पँवरून आठवलं म्हणून लिहितो, थोडं अवांतर आहे. मी तीन वर्षं मॉरिशसला कामाला होतो. तिथे मराठी समाज आहे, एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्यांची मुलं-नातवंडं-पणतवंडं. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. माझ्या शेजारचं मराठी कुटुंब घरात क्रेओल (फ्रेंचमधून तयार झालेली तिथली भाषा) बोलायचं, पेपर फ्रेंच वाचायचं, ऑफिसचा कागद इंग्लिशमध्ये, आणि आरती मराठीत. क्रेओलमध्ये पावाला 'दिपँ' म्हणतात, म्हणजे फ्रेंचचं ते द्यु पँ आर्टिकलसकट एक शब्द होऊन गेलंय. घराला 'लाकाझ', त्यात ला आत शिरलाय. ज्यांनी ही भाषा कानाने उचलली त्यांना आर्टिकल वेगळं ऐकूच आलं नाही. तुमच्या वर्गात जे अडतंय ते अठराव्या शतकात, मराठी माणसं तिथे जायच्याही आधी, मळ्यावरच्या गुलामांनाही अडलं असणार आणि त्यांनी ते असं सोडवलं. क्रियापदही कर्ता बदलला म्हणून बदलत नाही, मो मांझे, तो मांझे, ली मांझे, मी-तू-तो सगळ्यांना एकच.

जुनी_वही

समुद्रकाठ, अवांतर मुळीच नाही, हे मी वर्गात सांगणार आहे.

सांजवारा

उच्चारावर कुणीच लिहिलं नाही अजून. दोन गोष्टी मला वर्षभर छळत होत्या. एक तो 'यू'. ओठ ऊ म्हणताना करतो तसे पुढे काढायचे आणि आतून ई म्हणायचं. 'दस्यू' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली, वस्तू टेबलाच्या वर आहे की खाली हे एवढ्याशा फरकावर ठरतं. दुसरा र. तो जिभेच्या टोकाने नाही, घशातून. आमच्या सरांनी सांगितलं होतं की सकाळी गुळण्या करताना घशात पाणी कुठे खळखळतं ते लक्षात ठेवा, र तिथून काढा. आणि वाचताना शेवटची अक्षरं सोडून द्यायची सवय लावा. पक्ष्यांना शब्द आहे तो सात अक्षरांचा, ओ आय एस ई ए यू एक्स, आणि उच्चार फक्त 'वाझो'.

काळी_माती

नमस्कार. मी धागाकर्तीला फोन केलेल्या दोघींपैकी एक, खातं आजच उघडलं. मला एकच विचारायचंय, आपण फ्रेंच शिकलो तर आपल्या भाषेपासून लांब जातो असं आमचे मराठीचे सर म्हणाले. मला मराठीतपण पुढे करायचंय.

रेघोटी

काळी_माती, सरांना दोन माणसांबद्दल सांग. ज्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने मराठी भाषा कशी घडत गेली यावर फ्रेंचमध्ये मोठा ग्रंथ लिहिला, शंभर वर्षांपूर्वी, आणि मराठीचा इतिहास शिकणाऱ्याला आजही त्याच्याकडे जावं लागतं. दुसरे गी प्वातव्हँ, फ्रान्सहून आले आणि पुण्यात राहिले. हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखभर, त्या आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर वाचायला-ऐकायला मिळतात. मराठी दलित आत्मकथनं त्यांनी फ्रेंचमध्ये नेली. २००४ मध्ये ते गेले. आता इकडून तिकडे नेणारी मराठी घरातली माणसं हवीत, आणि ती फार थोडी आहेत. ओवीतलं 'माझ्या गं बाई' हे फ्रेंचमध्ये कसं न्यायचं हे ज्या मुलीने घरात ओवी ऐकलीय तिलाच सुचणार. तू दोन्ही कर.

काळी_माती

माझी चुलत आजी अजून ओव्या म्हणते. मी फॉर्म भरते उद्या.

अबोली_बार्शी

भर गं. आणि आजीच्या ओव्या या सुट्टीतच मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव, थांबू नकोस.

घाटमाथा७७

मुलीला धागा वाचायला दिला. ती यूट्यूबवरून थोडं शिकलीय, तिचा निरोप लिहितो, मला यातलं कळत नाही. 'माझी बहीण पडली', 'मा सर ए ताँबे', इथे शेवटी जादा ई लागेल ना? आणि 'मी ड्रेस विकत घेतला', 'झे आश्ते युन रोब', इथे?

अबोली_बार्शी

तिला सांगा पहिल्याला लागेल, पडणं एत्रवालं आहे आणि बहीण स्त्रीलिंगी. दुसऱ्याला नाही लागणार, रोब स्त्रीलिंगी आहे पण मागे आलीय. 'मी घेतलेला ड्रेस' असं फिरवायला सांगा, 'ला रोब क झे आश्ते', रोब पुढे आली, आता लागेल. ऐकायला दोन्ही सारखंच येतं, फरक फक्त लिहिताना, म्हणून दिक्तेमध्ये मार्क जातात.

घाटमाथा७७

ती म्हणते तिसरंपण विचारा, 'ती झोपली'.

जुनी_वही

हे मी सांगते. नाही लागत.